दुसऱ्याचं कुलूप

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तिनं माझ्याबरोबर जन्म काढला, माझ्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या — घाई, तापटपणा, जेवताना पुटपुटणं — पण ही एक गोष्ट तिच्या कानावर न घालताच मी तिला जाऊ दिलं. मुलांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. मुलं मला सरळ माणूस समजतात. आसेगावात कुणाच्या बांधाचं भांडण झालं की अजून मला मधे बसवतात, कारण मी खोटं बोलत नाही असा सगळ्यांचा समज आहे. तुमचा माझा काही संबंध नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघतो.

खरं तर एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ लिहायला बसलो की आजूबाजूचंच लिहीत बसतो — आज सकाळपासून तेच चाललं आहे. तेव्हा आधी आजूबाजूचंच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी जऊळक्याला, स्टेशनापलीकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होतो. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार रस्त्यापर्यंत लागायची. मालकानं तेलाचं इंजिन आणि डायनामो आणून तिथं वीज तयार केली होती आणि सगळी यंत्रं एका मोठ्या मोटारीवर घातली होती. आमच्या भागात तेव्हा वीज म्हणजे नवलच. लोक बाजार करून परत जाताना मुद्दाम वाकडी वाट करून मोटार बघायला यायचे. मी सातवी पास, इंग्रजी अक्षरं लावून वाचता येत होती, म्हणून मला स्विचवर बसवलं. घरी मी सांगायचो, मी बिजलीवर आहे. काय तो ताठा.

स्विच म्हणजे भिंतीला ठोकलेली लोखंडी पेटी. बाजूला एक दांडा. दांडा वर केला की मोटार चालू, खाली ओढला की बंद. दांडा वर असेल तर पेटीचं झाकण उघडतच नसे, अशी आत खिट्टी होती. आणि दांडा खाली असला की दांड्याचं भोक आणि पेटीच्या कानाचं भोक एकमेकांसमोर यायचं. त्यातून कुलूप घालायचं. कुलूप घातलं की दांडा हलत नाही, मग बाहेर कुणी कितीही बोंबलो.

ते कशासाठी? जिनांच्या खाली एक लांब गल्ली होती, जमिनीच्या पोटात. तिच्यात मोटारीवर फिरणारा लांबलचक शाफ्ट, आणि शाफ्टवरून वर प्रत्येक जिनाला जाणारे चामड्याचे पट्टे. पट्टा तुटला की फिटरला त्या गल्लीत उतरून, वाकून, पट्टा शिवावा लागायचा. वर स्विचजवळ उभ्या असलेल्या माणसाला खालचा माणूस दिसत नसे. म्हणून मोटार बसवायला आलेल्या मुंबईच्या मिस्त्रीनं जाताना सांगितलं होतं — जो खाली उतरेल त्यानं आपलं कुलूप दांड्याला लावायचं आणि किल्ली आपल्याबरोबर न्यायची. काम संपलं की त्यानंच येऊन काढायचं. दुसऱ्या कुणी नाही. काम नसेल तेव्हा ज्याचं त्याचं कुलूप स्विचशेजारच्या पाटीवर, ज्याच्या त्याच्या खिळ्याला.

मिस्त्री गेला आणि त्याचं म्हणणं बहुतेक जण विसरलेही असते. विसरला नाही तो इस्माईलभाई. आमचा फिटर. वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा, उंच, हाडांचा, बोलणं कमी. त्यानं त्या कुलपाचा रिवाजच करून टाकला. त्याची किल्ली गळ्यातल्या ताविजाच्या काळ्या दोऱ्यात असायची. शुक्रवारी दुपारी तो गावातल्या मशिदीत नमाजला जायचा. खालचं काम अर्धं राहिलं असेल तर कुलूप तसंच ठेवून जायचा आणि तो परत येईपर्यंत अख्खं जिन बसून राहायचं. लोक कुरकुरायचे. मीही कुरकुरायचो, सगळ्यांत जास्त.

आता मला माझ्या मनातल्या एका घाणीबद्दल सांगावं लागेल. एकदा इस्माईलभाई खाली असताना मी त्याचं कुलूप नुसतं ओढून पाहिलं. चाळा म्हणून. तो नेमका वर आला. जिनांवर कापूस टाकणाऱ्या बाया ओळीनं बसल्या होत्या, त्यांच्यासमोर त्यानं माझा हात बाजूला केला.

"दुसऱ्याच्या कुलपाले हात लावाचा नाही, भाऊ. हे कुलूप नोहे, हा मीच आहो. याले हात लावला म्हनजे माह्या गळ्याले लावला."

आवाज चढवला नव्हता त्यानं. पण बाया हसल्या. एक म्हणाली, "बिजलीवाल्याले शॉक बसला वो." झालं एवढंच. पण मी ते धरून ठेवलं. मी बिजलीवाला, सातवी पास, आणि हा निरक्षर माणूस चार बायांत मला शिकवणार? असं मी तेव्हा मनात म्हणालो होतो. लिहिताना लाज वाटते, पण हेच म्हणालो होतो.

पुढच्या पावसाळ्यात जुनी कुलपं गंजली. नवी आणायचं काम माझ्याकडे आलं. गावाहून येताना शेलूच्या बाजारात एका फिरत्या माणसाच्या टोपलीतून मी सगळी कुलपं एकदम घेतली. दाबलं की लागणारी, दिसायला भक्कम. काही दिवसांनी माझ्या हातून चुकून माझ्या वाट्याच्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागली — आणि कुलूप उघडलं. मग मी कुणी नसताना एकेक करून सगळी पाहिली. सगळी उघडली. टोपलीतली सगळी कुलपं एकाच किल्लीची होती.

मी सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, त्याच क्षणी. का नाही सांगितलं? आधी वाटलं, हसतील. बिजलीवाला फसला म्हणतील, आणि पहिल्यांदा हसतील त्या बायाच. मग दोन-चार दिवस गेले आणि मला ते आवडायला लागलं. इस्माईलभाईला वाटतं त्याचं कुलूप त्याचंच आहे — आणि ते माझ्या खिशातल्या किल्लीनं उघडतं. कुणाला माहीत नाही, मला माहीत आहे. या गोष्टीची मला एक चोरटी मजा वाटायची. नुसती सोय म्हणून गप्प बसलो असतो तर निदान आळशी म्हणवून घेतलं असतं. तसं नव्हतं. मजा होती.

तर तो शुक्रवार.

सकाळी मधल्या जिनाचा पट्टा तुटला. इस्माईलभाई आला, दांडा खाली असल्याचं पाहिलं, कुलूप लावलं, खाली उतरला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुलूप लागल्याचा आवाज ऐकला. पुढे मी पाण्याला गेलो, गाडीवाल्यांशी गप्पा मारत बसलो. परत आलो तर दुपार झाली होती, कुलूप अजून तिथंच, आणि बाया स्विचकडे पाठ करून हात बांधून बसलेल्या. मॅनेजर घाम पुसत आला.

"काहून बंद हाय अजून? गाडीवाले बोंबलून राह्यले तिकडं."

"इस्माईलभाई नमाजले गेले असन," मी म्हणालो.

मी त्याला जाताना पाहिलं नव्हतं. शुक्रवार होता, वेळ झाली होती, एवढ्यावर बोललो. मॅनेजर पेटीकडे न बघताच काहीतरी पुटपुटला आणि वजनकाट्याकडे निघून गेला. त्यानं मला मोटार सुरू कर म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे बरीच वर्षं मी मनातल्या मनात थोडं त्याच्यावर ढकलत होतो.

मी वरून डोकावलो. पट्टा चाकावर चढलेला दिसत होता. म्हणजे काम झालं, आणि हा कुलूप तसंच ठेवून गेला, आम्हाला ताटकळत. आणि तेव्हा माझ्या डोक्यात ती गोष्ट आली — अपघात झाला त्याच्या आधी आली, हे लक्षात घ्या. मी कुलूप काढीन. त्याच्या खिळ्याला टांगीन. जिन सुरू करीन. तो नमाजहून येईल, यंत्रं चालताना बघेल, खिळ्यावरचं कुलूप बघेल. आणि मी बायांसमोर म्हणेन, इस्माईलभाई, आज कुलूप लावाचं इसरले तुमी. कसा चेहरा होईल त्याचा? मला तो चेहरा बघायचा होता.

मी खाली हाक मारली का? मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो की मारली, यंत्रांच्या गोंगाटात त्याला ऐकू गेली नसेल. पण यंत्रं तर बंद होती. गोंगाट कुठला? मी हाक मारली नाही. पायऱ्या उतरून बघितलंही नाही. माझ्या किल्लीनं कुलूप उघडलं, डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातानं दांडा वर केला.

इस्माईलभाई नमाजला गेला नव्हता. पट्टा चढवून झाला होता, पण सांध्याची शेवटची शिवण राहिली होती. नंतर त्यानंच सांगितलं — गाड्या खोळंबल्या, बाया बसून राहिल्या, म्हणून आज नमाज चुकवावी असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्यासाठी.

ओरडणं ऐकू आलं तसा मी दांडा खाली ओढला. ते मी लगेच केलं, तेवढं मी लगेच केलं. आणि मग — हे लिहायचंच होतं, यासाठीच बसलो आहे — बाया पायऱ्यांकडे धावल्या, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या, खाली माणूस ओरडत होता, आणि मी पाटीपाशी गेलो आणि हातातलं कुलूप दाबून बंद करून इस्माईलभाईच्या खिळ्याला अडकवलं. नीट अडकवलं. मग धावलो.

त्याला बाहेर काढताना मी पुढे होतो. माझ्या सदऱ्यावर त्याचं रक्त होतं. लोकांनी ते पाहिलं, आणि मी किती धावपळ केली ते पुढे कैक दिवस बोलत राहिले. मॅनेजर पांढरा पडला होता. त्यानं दांड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याचं कुलूप कुठं हाय?"

मी म्हणालो, "लावलं नव्हतं. इसरले ते."

लोक म्हणतात घाबरला की माणूस खोटं बोलतो. मी घाबरलो होतो, पण खोटं घाबरून सुचलं नाही. ते तयार होतं. थट्टेसाठी केलेलं होतं, ते तिथं वापरलं.

पट्ट्यात सापडलेला उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला, अकोल्याला. तो बरा होऊन आला तेव्हा मालकानं त्याला फाटकावर बसवलं. आणि मॅनेजरनं कुलपांची सगळी जबाबदारी मला दिली — यापुढे कुणीही खाली उतरताना कुलूप लागलं की नाही हे मी पाहायचं. मी एकेक करून ती कुलपं बदलली, वेगवेगळ्या दुकानांतून वेगवेगळी आणली, जुनी विहिरीत टाकली. त्यानंतर तिथं कुणाला काही झालं नाही. पण तुम्ही याला चांगलं काम म्हणाल का? मी आधी स्वतःला वाचवत होतो. दुसरे वाचले ते ओघानं.

माझी समजूत होती की हात जाणं हेच त्याचं सगळं नुकसान. तेही पुरेसंच होतं. पण पुढचे दोन हंगाम मी फाटकातून आत-बाहेर करताना जे पाहिलं, ते हाताहून वाईट होतं. हा माणूस कधी काही विसरत नसे. कुठला पट्टा कधी शिवला, कुठल्या बेअरिंगला तेल कमी पडतं, सगळं त्याला तोंडपाठ. तो आता फाटकाची कडी लावायचा, दोन पावलं जायचा, परत येऊन कडी हलवून बघायचा. पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. नवीन माणूस कामाला लागला की त्याला थांबवायचा आणि रिकामी बाही दाखवायचा. "मी इसरलो, बाप्पा. तू नोको इसरू." स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडानं, प्रत्येकाला. मी बाजूनं जात असलो तर माझ्याकडे बोट करायचा. "याले इचार. हा होता तिथं."

त्याची बायको जुलेखाभाभी दुपारी डबा घेऊन यायची. तिला ते पटत नव्हतं. एकदा माझ्यादेखत म्हणाली, "हे इसरनारा मानूस नोहे, भाऊ. मी बारा महिने चौवीस घंटे पाह्यतो न यायले." तो तिच्यावर चिडला. "झालं तं झालं. कायले झाकतं तू माही चूक?" मी विडी पेटवली.

मग एक दिवस त्यानं मला जवळ बसवलं. नमाजचं सांगायला लागला. म्हणाला, घरी एकटा नमाज पढत नाही आता, मशिदीतच जातो, दुसऱ्यांच्या मागं उभा राहतो. किती रकात, म्हणजे नमाजचे फेरे, झाले, वाकलो की नाही वाकलो, याचा आपला आपल्याला भरवसाच वाटत नाही. हे तो हसत सांगत होता. आणि मग हसणं थांबवून म्हणाला —

"एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मले त्या दिवशीचा आवाज याद हाय. कुलूप दाबल्याचा. कट् करून. तू स्विचपाशी होता. खरं सांग भाऊ, होतं का नवतं?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. मॅनेजर नाही, बाया नाहीत. नोकरी जाईल ही भीतीही फारशी नव्हती, मी शेतीवर परत जायचं ठरवलंच होतं. एक माणूस मला विचारत होता, त्याचंच त्याला परत मागत होता. नुसतं 'होतं' म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

मी म्हणालो, "नवतं, इस्माईलभाई. रोजचाच आवाज तुमच्या कानात बसला असन. त्या दिवशीचा वाटते तुमाले."

किती समजुतीनं बोललो. खांद्यावर हातही ठेवला त्याच्या. तो म्हणाला, "बरं झालं सांगतलं तू. डोक्याची कटकट गेली." आणि त्यानं मला चहा पाजला. मी प्यालो.

त्यानंतर त्यानं मला कधी विचारलं नाही. मी हंगाम संपल्यावर जिन सोडलं आणि गावी आलो. शेती केली, मुलं वाढवली, पंचात बसलो. बऱ्याच वर्षांनी तो वारल्याचं कळलं तेव्हा मी वाशीमला गेलो, शेवटी ते तिथं राहायला गेले होते. मूठभर माती मीही टाकली. परतताना घराशी थांबलो तर जुलेखाभाभी दारातच होती. ती खूप थकली होती. तिनं मला ओळखलं.

"जाता जाता लेकाले का सांगून गेले माहीत हाय, भाऊ? म्हने, कुलूप लावलं तरी दोनदा ओढून पाह्यजो. आपल्या खानदानात इसराची बिमारी हाय."

तिचा मुलगा बाजूलाच उभा होता. ऐकत होता. त्यानं मान हलवली, वडिलांचं ऐकणाऱ्या मुलासारखी. तीही आता वाद घालत नव्हती. तिलाही ते पटलं होतं.

मीही मान हलवली.

तो मुलगा आता म्हातारपणाकडे झुकलाय. वाशीमला त्याचं दुकान आहे. मी तालुक्याच्या कामाला गेलो की कधी कधी समोरच्या ओट्यावर बसतो. संध्याकाळी तो शटर ओढतो, कुलूप लावतो, ओढून बघतो, चार पावलं जातो, परत येतो. त्याचा मुलगा बाजूला उभा राहून हसतो. मध्ये एकदा त्या मुलालाही परत येऊन कुलूप ओढताना मी पाहिलं.

त्या खानदानात विसरायची बिमारी कधीच नव्हती. त्या शुक्रवारी इस्माईलभाईनं कुलूप लावलं होतं आणि किल्ली त्याच्या गळ्यात होती. कुलूप मी काढलं.